पाण्याखालच्या पायऱ्या

परवा सकाळी पेपर उघडला आणि चहा तसाच राहिला. अर्धं पान! शालीतला फोटो, हसरा चेहरा, आणि वर जाड अक्षरात ‘सत्याचा उपासक हरपला’. खाली कुणाकुणाच्या श्रद्धांजल्या. एकानं लिहिलं होतं, ‘पुराव्याशिवाय सरांनी आयुष्यात एक शब्द उच्चारला नाही.’ माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की विचारू नका. गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बरे लिहायची रीत आहे, मला कळतं. ज्यांना पाळायची त्यांनी पाळावी. मी आता सत्तरीला आले, माझं कोण काय वाकडं करणार आहे?

त्या गृहस्थाचं नाव मी इथं लिहिणार नाही. अर्ध्या पानात ते अकरा वेळा आलंय, मी मोजलं. तेवढं त्याला पुरे. मी नुसतं साहेब म्हणेन, कारण आण्णा त्याला शेवटपर्यंत साहेबच म्हणत आले. आणि मला लिहायचंय ते आण्णांबद्दल. कारभारी आसाराम काळवणे, मूळ गाव पिशोर. तीन वर्षांपूर्वी ते गेले तेव्हा ह्याच पेपरात चार ओळी आल्या होत्या, टँकरच्या निविदेखाली, आणि त्यातही आडनाव चुकवलं होतं. मी फोन करून झापलं तर तिकडून एक मुलगी म्हणाली, “पण कोण होते हो ते?” तेव्हा रागाच्या भरात मी फोन आपटला. आता सांगते.

औरंगपुऱ्यात, पहिल्या मजल्यावर माझं टायपिंगचं दुकान होतं. आधी मराठी टाइपरायटर, पुढं कॉम्प्युटर. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, पीएचडीचे प्रबंध, सगळं माझ्या हातून जायचं. एकदा दुपारी जिन्यातून आकडे ऐकू आले. “सतरा, अठरा, एकोणीस.” मग दारात एक माणूस उभा. काटकुळा, पँट घोट्याच्या वर दोनदा दुमडलेली, खांद्याला खाकी पिशवी आणि पिशवीतून लोंबणारी लोखंडी मोजपट्टी.

“अक्का, तुमच्या जिन्याला एकोणीस पायऱ्या हाएत,” तो म्हणाला. “बारावी हलती. कुणीतरी पडंल एक दिवस.”

मी म्हटलं, “हे सांगायला आलात का?”

“नाय. टाइप करायचंय. बारावी आपली जाता जाता सांगितली.”

आण्णा भूजलाच्या खात्यात नोकरीला होते. वैजापूरपासून फर्दापूरपर्यंत ठरवून दिलेल्या विहिरी होत्या. त्यांच्यात मोजपट्टी सोडायची, पाणी किती खाली गेलं ते वहीत लिहायचं आणि पुढच्या गावाची एसटी धरायची. पगार ह्या कामाचा. जीव मात्र दुसऱ्याच कामात अडकलेला. जुन्या काळी बुऱ्हाणपूरकडून मालाच्या गोण्या लादलेले बैलांचे तांडे अजिंठ्याचा घाट चढून दौलताबादला आणि पुढं पैठणला जायचे. ते नेमके कुठल्या वाटेनं जायचे, मुक्काम कुठं करायचे, शंभर-दोनशे बैलांना पाणी कुठं पाजायचे, हे त्यांना शोधायचं होतं. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. मोडी एका म्हाताऱ्या तलाठ्याकडून शिकलेले आणि फारसी शहागंजातल्या एका घड्याळजीकडून, दर रविवारी, अकरा वर्षं. ह्या शोधाचं पुस्तक ते लिहीत होते आणि ते मी टाइप करत होते. आजही ते अर्धवट पुस्तक माझ्या कपाटात आहे, दोन ट्रंका भरून.

आण्णांसमोर काही बोलायची चोरी होती. काहीही सांगा, त्यांचा एकच सवाल, “कुणी बघितलं?” शेजारच्या दुकानदारानं सांगितलं की अमक्याची सून माहेरी निघून गेली, की हे टाइपाच्या कागदावरून मान न उचलता, “कुणी बघितलं?” मी एकदा चिडून म्हटलं, “आण्णा, रामानं रावणाला मारलं.” तर हसले आणि म्हणाले, “त्येला लई साक्षीदार होते अक्का.” पुस्तकात राजवाडे, लढाया, तहनामे काही नाही. जिथं चालत गेलो नाही त्यावर ओळ लिहायची नाही, हा नेम. त्यामुळं पुस्तक पुढं सरकायचं ते बैलाच्या चालीनं.

बैलाची चाल म्हटलं ती उगीच नाही. लादलेला बैल दिवसाला किती चालतो ह्यावर मोठमोठ्या पुस्तकांत तीन वेगवेगळे आकडे सापडले. आण्णांनी तिन्ही पुस्तकं मिटली, आठ दिवसांची रजा टाकली आणि फर्दापुरात एका शेतकऱ्याकडून दोन बैल भाड्यानं घेतले. तो म्हणाला, “नांगरटीला का?” हे म्हणाले, “नाय, मोजायला.” बैलांवर मिठाच्या गोण्या लादल्या आणि निघाले घाट चढून. तिसऱ्या दिवशी एका चौकीवर हवालदारानं अडवलं. त्या दिवसांत जनावरांच्या चोऱ्या होत होत्या.

“बैल कुणाचे?”

“किरायाचे.”

“गोण्यांत काय?”

“मीठ.”

“कुठून कुठं चाललंय?”

आण्णांना खोटं बोलता येत नव्हतं, ही खरी अडचण. म्हणाले, “बुऱ्हाणपूरहून पैठणला. पण मी फर्दापूरपासून हाये. आधीचं अंतर दुसऱ्यांनी चाललंय.”

“कोण दुसरे?”

“ते वारले. पाचशे-सहाशे वर्षं झाली.”

त्यांना बसवून ठेवलं चौकीत. दोन्ही बैल दाराशी. खात्यातून ओळख पटेना, तेव्हा गयाबाई वहिनी, म्हणजे त्यांची बायको, एसटीनं तिथं गेल्या. हवालदार म्हणाला, “बाई, ह्यांच्या डोक्यावर काही परिणाम झालाय का?” वहिनी म्हणाल्या, “परिणाम कशाचा व्हतोय सायेब, पहिल्यापासून असंच हाये.” सोडलं मग. आण्णांनी घरी येऊन आधी वहीत लिहिलं, ‘तिसरा दिवस. चौकीत मुक्काम. मोजणीत धरू नये.’

आता बारवेकडं येते. बारव म्हणजे पायऱ्यांची दगडी विहीर. शहराच्या पूर्वेला खांबवाडी म्हणून एक वस्ती होती आणि तिथं अशी एक बारव होती. बहात्तरच्या दुष्काळात आण्णा खात्यात नुकतेच लागले होते. पाणी मोजायला बारवेत उतरले तर पार तळाशी, जिथं बाया वाटीनं पाणी भरत होत्या, तिथं भिंतीत एक कोरलेली शिळा दिसली. वर मराठी, खाली फारसी. अमक्या नाईकानं ही बारव बांधली, ह्या वाटेनं जाणाऱ्या तांड्यांना जकात माफ. राजरस्ता दौलताबादवरून जायचा आणि तिथं जकात द्यावी लागायची. दौलताबादला बगल देणारी दुसरी वाट होती, आणि ती चोरवाट नव्हती, चांगली सरकारमान्य होती, असं ही शिळा सांगत होती. आण्णांच्या पुस्तकाचा सगळा डोलारा ह्या एका दगडावर उभा होता.

त्यांनी त्या शिळेचा ठसा घेतला. ओला कागद दगडावर लावायचा, कुंचल्यानं ठोकून ठोकून अक्षरांत बसवायचा आणि वरून शाई फिरवायची, म्हणजे अक्षरं पांढरी उमटतात. तेव्हा साहेब कॉलेजात इतिहासाचा नवा प्राध्यापक होता. म्हणाला, “काळवणे, फार मोलाचं आहे हे. द्या माझ्याकडे, मोठ्या माणसांना दाखवतो.” आण्णांनी दिला. विशी-बाविशीचा खेड्यातला पोरगा, प्राध्यापकानं मागितल्यावर देणार नाही तर काय! वहीत हातानं केलेली नक्कल होती म्हणून काही वाटलं नाही. पुढं खांबवाडीच्या वर पाझर तलाव झाला आणि बारव अशी तुडुंब भरली की पंधरा-सोळा पायऱ्या पाण्याखाली गेल्या. शिळा दिसेना. आणि ठसा? “शोधतो,” साहेब म्हणाला. मग म्हणाला, “सापडत नाही.” मग म्हणाला, “कुठला ठसा?”

बारा-तेरा वर्षांनी शहरात इतिहासाची परिषद भरली. तोवर साहेब विभागाचा प्रमुख झाला होता. आण्णांना पंधरा मिनिटं मिळाली होती. निबंध मीच टाइप केलेला. मी आणि वहिनी मागच्या रांगेत बसलो होतो. वहिनींनी त्या दिवसासाठी नवं लुगडं घेतलं होतं, मोरपंखी. आण्णा घाबरत घाबरत पण नीट बोलले. संपल्यावर साहेब उठला, चष्मा पुसला आणि म्हणाला, “काळवण्यांनी दगड पाहिला म्हणतात. ठसा नाही, छायाचित्र नाही, दगड पाण्याखाली. विहिरीत वाकून पाहिलं की माणसाला बहुधा स्वतःचंच तोंड दिसतं.” हॉल खदाखदा हसला. पुढच्या रांगेतले तर मांड्यांवर थापा मारून हसले. “हवेवर इतिहास लिहिता येत नाही,” असं म्हणून तो खाली बसला. आणि ठसा त्याच्याच कपाटात होता!

रिक्षात वहिनींनी विचारलं, “हसत का व्हते ओ सगळे? चांगलं तर बोलले तुम्ही.” घर येईपर्यंत आण्णा मांडीवरचा निबंध चार घड्या करून, उलगडून, पुन्हा घड्या करत राहिले. मी त्या दिवशी ठरवलं की ह्या साहेबाचं वाटोळं झालेलं मला बघायचंय. देव ऐकत नसतो असल्या बाबतीत, ते सोडा.

आण्णांचा सूड मात्र माझ्यासारखा तोंडाळ नव्हता. आठ दिवसांनी ते दुकानात आले, बरोबर एक पोस्टकार्ड. मोजक्या अक्षरात लिहिलं होतं: ‘खांबवाडी बारव. पाण्याखाली पायऱ्या सोळा. आपला, का. आ. काळवणे.’ पत्ता साहेबाच्या घरचा.

“हे काय आण्णा?”

“कळवायला नको? दगड पाण्याखाली हाये म्हणले ना ते. तर पाणी किती हाये ते त्येंला ठावं असावं.”

त्यानंतर दर वर्षी, त्या परिषदेच्या तारखेला, आण्णा खांबवाडीला जाऊन मोजायचे आणि कार्ड टाकायचे. एक वर्षही चुकलं नाही. पंधरा. चौदा. सतरा, त्या वर्षी पाऊस जोरदार होता. सोळा. तेरा. मी एकदा म्हटलं, “अहो, सतरा काय लिहिता? तो खूश होईल. दहा लिहा, जरा झोप उडू द्या मेल्याची!” आण्णांनी माझ्याकडं असं पाहिलं, जशी मी त्यांना चोरी करायला सांगितली. म्हणाले, “मोजलं ते लिहायचं अक्का.”

म्हणजे लक्षात घ्या, ह्या माणसाला दुष्काळ हवा होता. अख्खा मराठवाडा आभाळाकडं डोळे लावून बसलेला आणि काळवणेआण्णा एकटे ढग आले की वैतागायचे. चांगला पाऊस झाला की बाजारात लोक एकमेकांना चहा पाजायचे, आणि हे माझ्या दुकानात एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून बसलेले. मी चिडवायची, “आण्णा, अभिनंदन, जायकवाडी भरलं!” वहिनींना मात्र ह्यात गंमत वाटत नव्हती. शेतकऱ्याची लेक ती. एकदा माझ्यासमोरच कडाडल्या, “माझा भाऊ दुबार पेरणी करून डोक्याला हात लावून बसलाय, अन्‌ तुम्ही पाणी आटायची वाट बघता? लाज नाय वाटत?”

आण्णा म्हणाले, “वाटती.”

“मंग?”

“वाटती, पण बघतोय.”

वहिनी त्यांच्याशी पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत बोलल्या नाहीत. ताट पुढ्यात सरकवायच्या आणि उठून जायच्या. आण्णांनी ते निमूट सोसलं. त्या वर्षीचं कार्ड चौदाचं होतं.

तिकडं शहर वाढत चाललं होतं. खांबवाडी आधी शहरापासून लांब होती, मग शहराच्या कडेला आली, मग शहरातच. शेतं गेली, खुंट्या ठोकलेले प्लॉट आले, सिमेंटच्या कमानी आल्या, कमानींवर परदेशी नावं आली. जुन्या वस्तीतली सात-आठ घरं तेवढी मधे उरली. बारवेची जमीन एका प्लॉटिंगवाल्यानं घेतली आणि बारव बुजवून तिथं गाड्या लावायची जागा करायचं त्यानं ठरवलं. आण्णा ह्या कचेरीतून त्या कचेरीत अर्ज देत फिरले. अर्ज अर्थात माझ्याकडंच टाइप व्हायचे. सात-बाराचा उतारा काढला तर बारवेपुढं काय लिहिलेलं? पोटखराबा! म्हणजे पिकाला निकामी जमीन. नाईकाचं नाव नाही, तांडा नाही, काही नाही. प्लॉटिंगवाला तसा बोलायला गोड होता. आण्णांना म्हणाला, “काका, दगड दाखवा, मी स्वतः भोवती कठडा बांधतो. पाणी दाखवून मला थांबवू नका.” दिवाळीनंतर भर टाकायची, असं त्यानं सांगून टाकलं. मुरमाचे ढीग कडेला येऊन पडले.

आणि तोवर तो दुष्काळ सुरू झालेलाच होता. एक वर्ष नाही, लागोपाठ. जायकवाडी मृतसाठ्यात गेलं, शहरात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी, टँकर आला की गल्लीत हाणामाऱ्या. खांबवाडीचा पाझर तलाव भेगाळला. आण्णा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, गुडघे गेले होते, तरी मोजायला जायचे. कार्डावर नऊ. मग वर्षाची वाट न बघता महिन्या-महिन्याला कार्डं जायला लागली. सहा. चार. दोन.

‘दोन’चं कार्ड गेलं आणि चौथ्या दिवशी साहेब माझ्या दुकानाचा जिना चढून आला. धापा टाकत. हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत सगळी कार्डं. फेकली नव्हती, एकही नाही! पुढच्या महिन्यात त्याचा मोठा सत्कार होता, गौरवग्रंथ निघणार होता. खुर्चीत बसून म्हणाला, “बाई, त्यांना सांगा, पुरे आता. ह्या वयात हे शोभत नाही. मी प्रस्तावनेत त्यांचा आदरानं उल्लेख करायला तयार आहे.”

मी म्हटलं, “ठसा द्या.”

तर तो थंडपणे म्हणाला, “ठसा माझ्याकडे होता हे कोण सिद्ध करणार?”

होता! हा शब्द माझ्या तोंडावर बोलला. ‘नव्हता’ म्हणाला नाही. मी आण्णांना फोन लावून जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, “उल्लेख नको. त्येंला म्हणावं, बारवंत उतरा. लोकांसमोर.” आणि साहेबाला यावंच लागलं, कारण आण्णांनी बातमीदारापासून प्लॉटिंगवाल्यापर्यंत सगळ्यांना कार्डं टाकली होती. न आला असता तर सत्काराच्या तोंडावर नसती चर्चा झाली असती.

पण शेवटच्या दोन पायऱ्यांचं पाणी बाकी होतं आणि त्या सात-आठ घरांना तेवढंच पाणी होतं. टँकर जुन्या वस्तीत यायचा नाही, त्यांची कागदोपत्री गल्लीच नव्हती. आण्णांनी मोटर आणि एक रिकामा टँकर भाड्यानं आणला. बारवेतलं पाणी टँकरमधे घ्यायचं, शिळा वाचायची, ठसा घ्यायचा आणि पाणी परत बारवेत सोडायचं. तिथल्या शेवंताबाई कळशी कमरेवर घेऊन मोटरीपुढं उभ्या राहिल्या. “काळवणे, थेंब कमी झाला तर तुम्हाला सोडायची नाय. अन्‌ तेलकट वास आला तर तेच तुम्हाला पाजीन.”

“पाजा,” आण्णा म्हणाले. टँकर त्यांनी आदल्या दिवशी स्वतः आत उतरून घासला होता.

सकाळी नऊला मोटर सुरू झाली. ऊन आधीच चटका देत होतं. वर काठावर पन्नासेक माणसं. साहेब दोन विद्यार्थ्यांच्या आधारानं खाली आला आणि तळापासून तिसऱ्या पायरीवर रुमाल टाकून बसला. वहिनी बादली आणि कागद घेऊन आण्णांजवळ होत्या. पाणी खाली गेलं, गाळ दिसला, आण्णांनी दोन्ही हातांनी गाळ उपसला, आणि शिळा दिसली. मराठी ओळी, खाली फारसी. वहीतल्या नकलेसारखी, हुबेहूब. वर कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मी साहेबाकडं बघत होते, दुसरीकडं बघायची मला इच्छाच नव्हती. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. तीस वर्षं मी ह्या तोंडाची वाट बघितली होती.

आण्णा मात्र वर बघेनात. ते अजून गाळ काढत होते. शिळा नकलेपाशी संपली नव्हती. बहात्तर साली तळाशी पाणी होतं, बाया भरत होत्या, त्यांना बाजूला कसं सरकवायचं म्हणून ह्यांनी पाण्यापर्यंतच वाचलं होतं. पाण्याखाली आणखी तीन ओळी होत्या, फारसी. आण्णांनी चष्मा गाळातच पुसला आणि बोट फिरवत वाचायला लागले. एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. मग उकिडवे होते ते खाली बसले, चिखलात.

त्या ओळी त्यांच्याशिवाय तिथं कुणालाही वाचता येत नव्हत्या. साहेबाला फारसीचं अक्षर येत नव्हतं. पोरं मोबाईलवर फोटो काढत होती, पण फोटोत नुसता काळा दगड येत होता. तासाभरात टँकर उघडला की त्या ओळी पाण्याखाली, आणि प्लॉटिंगवाल्यानं शब्द फिरवला तर दिवाळीनंतर मुरमाखाली. मी त्यांच्या जागी असते तर? सरळ सांगते, मी काहीही वाचून दाखवलं असतं आणि वर येऊन पेढे वाटले असते.

आण्णा उठले. काठावरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलले. “मंडळी, मी चुकलो. वरचं बरोबर हाये, वाट होती, जकात माफ होती. पण खाली लिव्हलंय की पुढच्या सुभेदारानं माफी काढून घेतली. ही वाट बंद केली. इथं तांडा सापडला तर माल जप्त. मी म्हणत होतो वाट पिढ्यान्‌पिढ्या चालली. नाय चालली. मी पाण्यापर्यंत वाचलं अन्‌ खालचं मनानं धरलं. अक्का, सातवं, आठवं, नववं प्रकरण फाडून टाका.”

मोटरीच्या पाइपातून चिखलात थेंब थेंब पाणी ठिबकत होतं. मला रडू आलं, रागानं आलं की कशानं ते माहीत नाही. वहिनींनी बादली खाली ठेवली.

आणि साहेबाच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परत आला. तो हसला सुद्धा! “म्हणजे काळवणे, तुमचा सिद्धांत कोसळला. मी तेव्हाच म्हणत होतो—”

“तुम्ही म्हणत होता दगडच नाय,” आण्णा म्हणाले.

साहेबानं चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

“माझी चूक मी सांगितली,” आण्णा म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. “पन्नास माणसांत सांगितली. आता तुमची सांगा. ठसा कुठंय?”

सगळी माणसं साहेबाकडं बघायला लागली. त्याचेच विद्यार्थी त्याच्याकडं बघायला लागले. त्यानं रुमाल उचलला, झटकला, घडी केली. घड्याळ बघितलं. म्हणाला, “मला शुगर आहे, उन्हात फार वेळ बसता येत नाही.” आणि पायऱ्या चढायला लागला.

“अगं बया,” शेवंताबाई वरून ओरडल्या, “ह्ये तर पळालं की गं!”

हसं पिकलं. बायाच जास्त हसल्या. मी तर पोट धरून हसले, लाज नाही वाटली.

आण्णा हसले नाहीत. त्यांनी ओला कागद शिळेवर लावला, वहिनींनी वरची टोकं धरली, आणि ते कुंचल्यानं कागद ठोकायला लागले. सगळ्यात खालच्या ओळींपासून सुरुवात केली. अर्ध्या वाटेवर पोचल्यावर साहेब दम खायला थांबला. काय वाटलं कोण जाणे, सवयच ती, वळून म्हणाला, “काळवणे, ठसा निघाला की एक प्रत माझ्याकडे पाठवून द्या.”

आण्णांनी मान वर केली नाही. कुंचला चालूच होता.

“नाय देत,” ते म्हणाले.